दुखऱ्या पायाचा हिशेब कुणी ठेवायचा?

परदेशातल्या मोठ्या बॅले थिएटरांत कार्यक्रमपत्रिकेच्या आत कधी कधी एक सुटी चिठ्ठी घातलेली असते. आजची अमुक भूमिका अमकीऐवजी तमकी करेल, एवढंच तिच्यावर छापलेलं असतं. कारण लिहिलेलं नसतं. लिहिलंच तर 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे'. प्रेक्षक ती वाचतो, जरा हिरमुसतो, तेवढ्यात दिवे मंद होतात आणि समोर जी नाचते तिच्यात तो रमून जातो. जिचं नाव गळलं ती त्या घटकेला बहुधा घोट्यावर बर्फाची पिशवी धरून बसलेली असते. घोट्यापेक्षा मोठी काळजी तिला वेगळीच असते: माझी भूमिका मला परत मिळेल ना?

मी पुण्यात फिजिओथेरपी करते. बॅले शिकलेली नाही. कथक शिकले, दहा वर्षं, शहाबादी फरशीवर. सतराव्या वर्षी डावी नडगी दुखायला लागली तेव्हा मला सांगण्यात आलं, तत्कार, म्हणजे पायांचे बोल, वाढव, पाय पक्के झाले की दुखणं आपोआप जाईल. सांगणाऱ्यांना त्यांच्या गुरूंनीही हेच सांगितलं होतं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी तत्कार वाढवला. जिना उतरताना कठडा धरावा लागायला लागला तेव्हा एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक असणार? 'काही नाहीये' असं समजून आणखी महिनाभर नाचले, आणि त्या महिन्याने माझं नाचणं संपवलं. बॅलेकडे मी वळले ती या व्यवसायात आल्यावर. नाचणाऱ्यांच्या दुखापतींबद्दल जगात जे नीट मोजूनमापून लिहिलं गेलं आहे, त्यात बॅलेवरचं काम सगळ्यात जास्त आहे. ते वाचताना पानोपानी माझी नडगी मला भेटत राहिली.

माझं म्हणणं सरळ आहे. पगार घेऊन नाचणाऱ्या माणसाला नाचताना झालेली दुखापत ही कामावर झालेली दुखापत आहे. कारखान्यात कुणाचं बोट यंत्रात गेलं तर त्याची नोंद होते, भरपाईचा कायदा लागतो, यंत्राला जाळी का नव्हती असं विचारलं जातं. नर्तिकेच्या हाडाला चीर गेली की आपण तिला कलेची किंमत म्हणतो, टाळ्या वाजवतो, फार तर हळहळतो. ज्या वेळापत्रकाने ती चीर पाडली त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. काही देशांत कायद्याने नर्तक हा कामगारच धरला जातो, पण थिएटरच्या मनाने ते अजून मानलेलं नाही. दुखापतींची मोजदाद नृत्यकंपनीने ठेवली पाहिजे. बरं होईपर्यंतचा खर्च आणि पगार कंपनीने दिला पाहिजे. आणि परत कधी नाचायचं हे ठरवणारा माणूस भूमिका वाटणारा असता कामा नये.

मोजदादीपासून सुरुवात करते, कारण तिथेच सगळं अडलेलं आहे. २०१२ मध्ये निक ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या एका व्यावसायिक बॅले कंपनीची वर्षभराची नोंद प्रसिद्ध केली. नर्तक ५२, दुखापती ३५५. माणशी सरासरी ६.८. म्हणजे दर पावणेदोन महिन्यांनी एक, आणि त्यात ठेचकाळणं, खरचटणं धरलेलं नाही. ज्या दुखण्याने किमान एक दिवस पूर्ण काम करता आलं नाही तेच मोजलेलं आहे. निम्म्याहून बऱ्याच जास्त दुखापती अतिवापराच्या होत्या. पडून, घसरून, आदळून झालेल्या कमी. तीच तीच हालचाल, पुरेशा विश्रांतीशिवाय, आठवडेच्या आठवडे करून झालेल्या जास्त.

अपघात घडला तर त्याला त्या क्षणाचं दुर्दैव म्हणता येतं. अतिवापराचं तसं नसतं. त्यामागे कुणीतरी आखलेला सोमवार, मंगळवार, बुधवार असतो. आणि आखलेली गोष्ट बदलता येते. याच कंपनीत पुढे तेच झालं. दुखापतींची नोंद सतत ठेवली गेली, प्रत्येक नर्तकाच्या हालचाली तपासल्या गेल्या, आधी कुठे दुखलं होतं ते पाहून ज्याला त्याला वेगळा व्यायाम दिला गेला. पहिल्या वर्षी नाचण्याच्या दर १,००० तासांमागे पुरुषांत ४.७६ आणि स्त्रियांत ४.१४ दुखापती होत होत्या. तिसऱ्या वर्षी ते प्रमाण २.२२ आणि १.८१ वर आलं. बॅले तेच होतं. 'स्वान लेक'मधली राजकुमारी तितक्याच गिरक्या घेत होती. कुणी कलेला कात्री लावली नव्हती. फक्त कुणाचं कुठे दुखतंय हे कागदावर येऊ लागलं होतं आणि त्या कागदाकडे पाहून कुणीतरी काहीतरी करत होतं.

हा आकडा मी नाचणाऱ्यांच्या आईवडिलांना सांगते तेव्हा पहिला प्रश्न येतो, "मग सगळीकडे हे का करत नाहीत?" मला याचं एकच उत्तर दिसतं. न मोजलेल्या दुखापतीची जबाबदारी कुणावर येत नाही.

बॅले कंपनीचा दिवस बघा. सकाळी दहा-साडेदहाला क्लास. आधी बार, म्हणजे भिंतीलगतचा आडवा दांडा, धरून, मग मोकळ्या जागेत, शेवटी उड्या. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तालमी, आणि प्रयोग असेल तर साडेसातला रंग लावून रंगमंचावर. एका वेळी एकच नृत्य बसवायचं असतं असंही नाही. सकाळी एकोणिसाव्या शतकातलं, चवड्यांच्या टोकावर उभं राहून करायचं काम. दुपारी आजच्या एखाद्या रचनाकाराचं, अनवाणी, जमिनीवर लोळण घेणारं. स्नायूंना दोन वेगळ्या भाषा एकाच दिवशी बोलायच्या असतात. न्यूयॉर्क सिटी बॅलेचं, बालांशीन या नृत्यरचनाकाराने बसवलेलं 'नटक्रॅकर' १९५४ मध्ये रंगमंचावर आलं, आणि आता एकेका हिवाळ्यात त्याचे पन्नासाच्या आसपास प्रयोग होतात. नाताळात मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांसाठी तो आनंदाचा सण आहे. समूहात नाचणाऱ्या, आज हिमकण आणि उद्या फूल होणाऱ्या मुलींसाठी तो वर्षातला सगळ्यात जड महिना आहे.

आणि तो पाय. सपाट टोकाचा तो रेशमी बूट आतून कापडाच्या आणि कागदाच्या थरांचा, खळीने कडक केलेला असतो. त्यात लोखंड नसतं, लाकूड नसतं. शरीराचा सगळा भार बोटांच्या टोकांवर येतो आणि घोटा मागच्या बाजूला पूर्ण दाबला जातो. टाचेमागे काही जणांना एक छोटं जादा हाड असतं, ज्याचा तुम्हाआम्हाला आयुष्यात पत्ता लागत नाही. नर्तिकेच्या पायात ते अडकित्त्यातल्या सुपारीसारखं सापडतं. पावलं बाहेर वळवून उभं राहायचं असतं, ते वळण खुब्यातून यायला हवं. खुबा तेवढा उघडत नसेल तर मुलगी ते वळण गुडघ्यातून आणि घोट्यातून चोरते. आरशात ते सारखंच दिसतं, शिक्षकही फसतात. गुडघा फसत नाही.

तरीही बॅलेच्या शिस्तीने शरीराचं भलंही होतं. उडी मारून नीट उतरायचं कसं हे लहानपणापासून घोटून घेतलेलं असल्यामुळे गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण नर्तिकांत चेंडूचे खेळ खेळणाऱ्या मुलींपेक्षा बरंच कमी आढळलं आहे. शिकवण्याने दुखापत टळते, याचा याहून चांगला दाखला कुठला हवा?

आपल्याकडे ही गोष्ट क्रिकेटमुळे चटकन समजते. जसप्रीत बुमराहची पाठ गेली आणि २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक त्याच्याविना खेळला गेला. मार्च २०२३ मध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया, ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध पुनरागमन. मधल्या काळात त्याने किती षटकं टाकावीत, कुठली मालिका सोडावी, यावर चहाच्या टपरीवरसुद्धा चर्चा होती आणि 'वर्कलोड' हा शब्द मराठी झाला. त्याने दुखऱ्या पाठीने गोलंदाजी करावी असं कुणाला वाटलं नाही. मग दुखऱ्या पायाने नाचणारी मुलगी आपल्याला वीरांगना का वाटते?

मिस्टी कोपलँड या अमेरिकन नर्तिकेची गोष्ट या प्रश्नाच्या मध्यभागी आहे. २०१२ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये तिने 'फायरबर्ड'ची भूमिका केली. अमेरिकन बॅले थिएटरसारख्या कंपनीत एका कृष्णवर्णीय मुलीला अशी भूमिका मिळणं ही तेव्हा फार मोठी घटना होती. प्रेक्षागृहात तिच्या समाजाची माणसं आवर्जून आली होती. तिच्या डाव्या नडगीत त्या रात्री सहा ठिकाणी चिरा होत्या. ती नाचली, मग मोसमातून बाहेर पडली. ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया होऊन हाडाला धातूची पट्टी बसवली गेली. पुन्हा नाचता येईल का याची अनेकांना शंका होती. ती परतली, आणि ३० जून २०१५ ला त्या कंपनीच्या ७५ वर्षांच्या इतिहासात प्रमुख नर्तिकेच्या पदावर पोचलेली पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री ठरली.

तिच्या धैर्याबद्दल मला अपार आदर आहे. तिला त्या रात्री मागे हटणं का शक्य नव्हतं हेही कळतं. ती मागे हटली असती तर 'बघा, संधी दिली तर निभावता आली नाही' असं म्हणणारे टपून बसले होते. पण ही गोष्ट जगभर ज्या तऱ्हेने सांगितली जाते ती तऱ्हा मला बोचते. सहा चिरा असूनही नाचली, म्हणून थोर. सहावी चीर पडण्याआधी पाचवी पडली होती, आणि पाचवीच्या आधी चौथी. त्या प्रत्येक टप्प्यावर ती कुणाच्या तरी तालमीत होती. दुखतंय असं म्हणायची किंमत भूमिका गमावणं ही असेल, तर तिथे दुखणं बोललं जाणार नाही. ही त्या मुलीची जिद्द म्हणून सांगितली जाते. मला तो त्या व्यवस्थेतला दोष दिसतो.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? दिवस भरलेले असताना विठाबाई फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असं सांगितलं जातं. अंगावर काटा आणणारी ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगतो. तिचा शेवट मात्र अनेकदा सांगायचा राहतो. विठाबाईंचं सपाट पोट पाहून प्रेक्षकांनी चौकशी केली, आणि कळल्यावर त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला, बाई, आता विश्रांती घ्या. समोर बसलेल्या गावकऱ्यांना जे कळलं ते पडद्यामागच्या कुणाला कळलं नव्हतं काय? कळलं असणारच. पण खेळाची सुपारी घेतलेली होती. याच विठाबाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, २००२ मध्ये त्या गेल्या, आणि आज त्यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरस्कार द्यावाच. पण नाळ तोडून परत येण्याची वेळ पुन्हा कुठल्या नाचणारीवर येऊ नये यासाठी काय केलं, हा प्रश्न त्या पुरस्कारासोबत दरवर्षी विचारायला हवा.

बरं होण्याचीही एक गोष्ट सांगते, कारण नुसती रड मला मांडायची नाही. डेव्हिड हॉलबर्ग हा अमेरिकन नर्तक. २०११ मध्ये मॉस्कोच्या बोल्शोई बॅलेने त्याला प्रमुख नर्तक म्हणून घेतलं. त्या पदावर पोचलेला तो पहिला अमेरिकन. २०१४ पासून घोट्याने त्याला जायबंदी केलं. शस्त्रक्रिया झाल्या, परतण्याचे प्रयत्न फसले. शेवटी तो मेलबर्नला गेला, ऑस्ट्रेलियन बॅलेच्या उपचार पथकाकडे. तिथे वर्षाहून अधिक काळ त्याला अक्षरशः उभं राहण्यापासून पुन्हा शिकवलं गेलं. डिसेंबर २०१६ मध्ये सिडनीत 'कोपेलिया'मधून तो रंगमंचावर परतला, आणि २०२१ मध्ये त्याच ऑस्ट्रेलियन बॅलेचा कलादिग्दर्शक झाला.

त्या पथकाच्या प्रमुख सुझन मेझ. त्यांच्या कामातली एक साधी गोष्ट मी माझ्या दवाखान्यात रोज वापरते. नर्तक पिढ्यान्‌पिढ्या पोटऱ्या ताणत आले आहेत. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा खाली सोडायच्या, मिनिट-मिनिट. मेलबर्नला त्यांनी ते ताणणं बंद केलं आणि त्या जागी एका पायावर उभं राहून टाच उचलणं आणलं. हळू वर, हळू खाली, एका पायावर चोवीस वेळा. करून पाहा. दहाव्याला पोटरी पेटते, पंधराव्याला गुडघा वाकायला बघतो, अंगठ्याकडून करंगळीकडे भार घसरतो. तो जिथे घसरतो तिथे पुढची दुखापत वाट बघत असते. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. समोर बसून मोजणारा माणूस लागतो.

पण हॉलबर्गला मेलबर्न मिळालं ते तो हॉलबर्ग होता म्हणून. वर्षभर काम न करता परदेशात राहून बरं होण्याची मुभा त्याला मिळू शकली. त्याच वर्षी घोटा गेलेल्या समूहातल्या कुठल्यातरी मुलीचं काय झालं? तिचा करार वर्षाचा होता. संपला. ताऱ्यांच्या पुनरागमनाच्या कथा वाचून आपल्याला वाटतं की बॅलेने या प्रश्नाची सोय लावली आहे. खरी सोय तेव्हा म्हणायची, जेव्हा चौथ्या रांगेत उजवीकडून तिसरी नाचणारी मुलगी त्याच उपचारांवर हक्क सांगू शकेल.

खाण्याचा विषय टाळून चालत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत ७५ तरुण बॅले नर्तिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६१ टक्के जणींना कधी ना कधी फ्रॅक्चर झालेलं होतं, आणि ज्यांची पाळी उशिरा आली किंवा मध्येच बंद पडली त्यांच्यात हाडांच्या तक्रारी अधिक होत्या. पोटाला कमी पडलं की शरीर आधी पाळी थांबवतं, मग हाडाची डागडुजी. म्हणजे सडपातळ दिसण्याची सक्ती ही थेट हाड मोडण्याची सक्ती आहे. हे कळून चाळीस वर्षं होत आली. तरी २०१९ मध्ये व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेराच्या बॅले अकादमीची चौकशी झाली तेव्हा बारीक राहण्यासाठी मुलांना सिगारेट ओढायचा सल्ला दिला गेल्याचं चौकशी समितीच्या अहवालात आलं. मुलांना! आईबापांनी ज्यांच्या हवाली केलं त्यांनी. मला यावर आणखी लिहवत नाही.

'अहो, पण नर्तकांनाच थांबायचं नसतं,' असं मला नेहमी ऐकवलं जातं. खरं आहे. मलाही थांबायचं नव्हतं. नाचणाऱ्याचं आयुष्य आधीच आखूड, वीस ते चाळीस फार तर. त्यातले सहा महिने बसून काढायचे म्हणजे जीव जातो. म्हणूनच निर्णय त्याच्या एकट्यावर टाकू नये. बुमराहलाही खेळायचं असतंच. दुसरं म्हणणं पैशाचं: नृत्यकंपन्या गरीब, क्रिकेट मंडळासारखी तिजोरी त्यांच्याकडे कुठली? पण ब्रिटनमधल्या त्या नोंदीत दुखापती निम्म्याहून खाली आल्या. पाय वाचले तसे तालमीचे दिवसही वाचलेच असणार. जायबंदी नर्तिकेची भूमिका ऐन वेळी दुसरीला शिकवायची, पोशाख उसवून पुन्हा शिवायचा, तिच्या जोडीदाराची तालीम नव्याने करायची, हा खर्च कुठल्याच वहीत दुखापत म्हणून लिहिला जात नाही. लिहिला तर फिजिओचा पगार त्यापुढे स्वस्त दिसेल, याची मला खात्री आहे.

आणि वेदनेशिवाय कला नाही, हे? ज्यांनी मेहनत केली आहे त्यांना अंग मोडून येणं आणि हाडात कळ येणं यांतला फरक बरोबर कळतो. पहिलं दुसऱ्या दिवशी सकाळी चालायला लागलं की सैल होतं. दुसरं रात्री झोपेतून उठवतं. पहिल्याला रियाज म्हणतात. दुसऱ्याला रियाज म्हणणं ही फसवणूक आहे, मग म्हणणारा कितीही मोठा गुरू असो. परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की बॅलेचं तंत्र सतत बदलत आलं आहे. मारी तालिओनीने १८३२ मध्ये चवड्यांच्या टोकावर उभं राहून पॅरिसला थक्क केलं तेव्हा तिचे बूट आजच्यासारखे कडक नव्हते. नाचणं इतकं बदललं, तर नाचणाऱ्याची काळजी घ्यायची पद्धत तेवढी बदलू नये का?

पॅरिसचं नाव निघालंच आहे तर तिथली एक घटना सांगायला हवी. पॅरिस ऑपेराच्या नर्तकांना ४२ व्या वर्षी निवृत्तिवेतन मिळतं. या व्यवस्थेची सुरुवात १६९८ मध्ये, चौदाव्या लुईच्या काळात झाली. म्हणजे आपल्याकडे राजाराम महाराजांभोवतीचा मोगलांचा जिंजीचा वेढा संपला त्या सुमारास एका राजाला कळलं होतं की नाचणाऱ्याचं शरीर इतरांच्या आधी झिजतं आणि त्याची भरपाई राज्याने करायची असते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये फ्रेंच सरकार ही विशेष सोय मोडायला निघालं आणि नर्तक संपावर गेले. २४ डिसेंबरला पाले गार्निए या ऑपेराच्या जुन्या इमारतीच्या दगडी पायऱ्यांवर, थंडीत, पांढऱ्या पोशाखातल्या नर्तिकांनी 'स्वान लेक'मधला प्रवेश सादर केला. सरकारने मध्यंतरी तोडगा काढला होता: आता कामावर असलेल्यांना धक्का लागणार नाही, पुढे भरती होणाऱ्यांनाच नवा नियम. संपावरच्यांचं स्वतःचं काही जाणार नव्हतं. त्यांनी तो नाकारला. आमच्या मागून येणाऱ्यांचे गुडघे आमच्यासारखेच आहेत, असाच त्या नकाराचा अर्थ मी घेते. बॅलेच्या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा प्रयोग कुठला असं कुणी विचारलं तर मी त्या पायऱ्यांवरचा सांगेन.

मुंबईतल्या टॅक्सीवाल्याचा मुलगा मनीष चौहान आणि वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह बॅले शिकले, अमीरुद्दीनला २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलने घेतलं, तेव्हा आपण सगळ्यांनी कौतुक केलं. आता इथल्या मुली-मुलगे बॅलेच्या वाटेने बाहेर पाहू लागले आहेत. त्यांच्या घरच्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: फी, वसतिगृह, व्हिसा या सगळ्याची चौकशी करता, तशी तिथे पूर्ण वेळ फिजिओ आहे का, दुखापत झाली तर वर्ष फुकट जातं का, वजनाबद्दल मुलांशी कोण आणि कसं बोलतं, हेही विचारा. विचारायला संकोच वाटण्यासारखं त्यात काही नाही.

आणि आपल्या घरात? तमाशाच्या फडात नाचणारीला मोसमाच्या सुरुवातीला उचल दिलेली असते. ती फेडेपर्यंत घुंगरांचं ओझं पायात बांधून, फळ्यांच्या बोर्डावर, रात्रीमागून रात्र. पाय मुरगळला म्हणून ती बसली तर उचल डोक्यावर तशीच. ज्येष्ठ कलावंतांना राज्य शासन मानधन देतं, ते चांगलंच आहे. पण ते नाचणं संपल्यावर मिळतं. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेलेल्या बाईला ते मिळेपर्यंत अर्धं आयुष्य काढायचं असतं. फडमालकही काही धनदांडगे नाहीत, तेही कर्जात असतात. म्हणून हा भार एकट्या फडाने उचलावा असं मी म्हणणार नाही. पण मोसम चालू असताना झालेल्या दुखापतीचा विमा, आणि त्या काळात उचलीचा हप्ता थांबवणं, एवढं तरी शासनाने आणि फडांनी बसून ठरवण्यासारखं आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक मुलगी आली. कथकची. मी तिची नडगी वरून खाली अंगठ्याने दाबत गेले. निम्म्याच्या थोडं खाली एका ठिकाणी तिने पाय झटकन मागे घेतला. रुपयाच्या नाण्याएवढी जागा. वर नाही, खाली नाही, तेवढीच.

"कार्यक्रम कधी आहे?"

"तीन आठवड्यांनी, मॅडम."

आई म्हणाली, "डॉक्टर, हॉल बुक झालाय. पत्रिका वाटून झाल्यात."

मी एमआरआय लिहून दिला आणि तिच्या गुरूंना फोन केला. भांडण होईल अशी तयारी ठेवली होती. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "मी तिला सराव वाढवायला सांगितलं होतं हो." दुसऱ्या दिवशी त्या स्वतः दवाखान्यात आल्या. बाकीच्या मुलींचं कसं बघायचं ते दाखवा, म्हणाल्या. मी त्यांना अंगठा कसा फिरवायचा ते दाखवलं, एका पायावर टाच उचलायला लावून मोजायचं कसं ते दाखवलं, आणि हे सगळं कुठेतरी लिहून ठेवा म्हटलं.

"हजेरीच्या वहीत एक रकाना वाढवते," त्या म्हणाल्या.

आठवड्याने त्यांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. अकरा नावं. त्यातल्या सहा नावांपुढे नव्या रकान्यात पेन्सिलीने एकेक शब्द लिहिलेला होता: नडगी, टाच, नडगी, गुडघा, कंबर, नडगी.